बोंडीचं घर

डिसेंबरातल्या एका सकाळी ढोरांच्या दवाखान्याचं कुलूप काढायला मेघा आली, तेव्हा पायरीवर एक पांढरी कुत्री बसलेली होती, आणि कुत्रीने चक्क माणसाचा स्वेटर घातला होता. पुढचे दोन्ही पाय बाह्यांत, बाह्या नीट दुमडलेल्या, पाठीवर सेफ्टीपिन. शेजारी उभा असलेला तरुण मात्र अर्ध्या बाह्यांच्या शर्टात कुडकुडत होता. स्वेटर कुणाचा, हे विचारायची गरजच नव्हती.

"थंडी कोणाले वाजून राह्यली? हिले की तुमाले?" मेघाने विचारलं.

"माह्यं काय... मी सांगू तरी शकतो," तो म्हणाला. "हिले बोलता येत नाई. पोटात पिल्लं हायेत हिच्या."

बोलताना त्याचे दात वाजत होते आणि तरी तो हसत होता. मेघाने उगाचच चाव्या शोधल्या. चाव्या हातातच होत्या.

मेघा पशुधन पर्यवेक्षक. पुलगावहून रोज स्कूटीने या नदीकाठच्या गावात यायची. गाव तिला डॉक्टरीणबाई म्हणायचं, आणि 'मी डॉक्टर नाही' हे सांगून सांगून तिने आता नाद सोडला होता. तरुणाचं नाव अश्वजित. वर्धा नदीच्या काठी त्याचं तीन एकर रान, त्यात वांगी, टमाटे, मेथी. कुत्री कापसाच्या बोंडासारखी पांढरी आणि गोल, म्हणून तिचं नाव बोंडी.

मेघाने स्वेटरखाली हात घातला. लोकर दवाने भिजून गार पडली होती. ओला स्वेटर घालण्यापेक्षा न घातलेला बरा, हे तिने समजावून सांगितलं, तसा अश्वजितचा चेहरा पडला. मग लगेच खुलला. बोंडीसाठी आपण घरही बांधलंय, फर्स्टक्लास, मॅडमनी एकदा पाहावंच, असा त्याने आग्रह धरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेघा रानात गेली आणि ते फर्स्टक्लास घर तिने पाहिलं. बांबूच्या कमानी, त्यांवर प्लास्टिकची पांढरी पन्नी ताणून बसवलेली, कडा मातीने दाबलेल्या. हवेला आत शिरायला सुईएवढी फट नाही. तिने आत हात घातला, तर वरून मनगटावर टपटप पाणी पडलं. खालचं पोतं ओलंचिंब होतं, आणि बोंडी बाहेर, उघड्यावर, बांधाला टेकून बसली होती.

"टमाट्याची रोपं असेच ठेवतो मी," अश्वजित अभिमानाने म्हणाला. "एक रोप मरत नाई."

मेघा इतकी हसली की तिला बांधावर बसावं लागलं. रोपाला दमट ऊब चालते हो, कुत्रीला कोरडी लागते! तिच्याच श्वासाची वाफ आत कोंडून पाणी होतंय, तिने सांगितलं. हसून झाल्यावर मात्र ती चपापली. एवढी मेहनत केलेल्या माणसाला आपण हसलो, आता हा रागावणार. पण अश्वजितने आधी ओलं पोतं बाहेर काढलं, पिळलं, आणि तिच्यासमोर उकिडवा बसला.

"मंग कसं कराचं? सांगा."

असा प्रश्न विचारणारे पुरुष मेघाने फार पाहिले नव्हते. तिने सगळं सांगितलं. घर जमिनीपासून विटांवर उचलायचं, दार लहान ठेवायचं आणि नदीच्या वाऱ्याकडे पाठ करून. छताखाली दोन बोटं फट. आत गव्हाच्या वाळलेल्या काड्या भरपूर, म्हणजे कुत्री त्यात स्वतःला पुरून घेते. काड्या दमट झाल्या की बदलायच्या. खायला नेहमीपेक्षा जास्त, पाणी कोमट. तो एकेक गोष्ट मनात मुरवत ऐकत होता.

दोन दिवसांत टमाट्याच्या मोडक्या कॅरेटांचं नवं घर उभं राहिलं. बोंडी त्यात शिरली ती दुपारपर्यंत बाहेर आली नाही. आणि आठवड्याभरात तशीच आणखी पाच घरं पुलगावच्या भाजीबाजारामागे दिसू लागली, तिथल्या बेवारशी कुत्र्यांसाठी. रोज सकाळी माल उतरवला की अश्वजित एकेका घरात कोपरापर्यंत उघडा हात घालायचा, काड्या चाचपायचा, ओल्या असल्या तर बाहेर काढून उन्हात पसरायचा. कुणी पाहतंय का, याच्याकडे त्याचं लक्षही नसायचं.

पाहत एक जण होती. दवाखान्याचा रस्ता बाजारावरून जात नव्हता, तरी मेघाची स्कूटी हल्ली तिकडूनच जायची. प्रेमात पडायला कुणाला गुलाब लागतात, कुणाला चांदणं. मेघाला कुत्र्याच्या घरात हात घालून बसलेला एक माणूस पुरला. किती मनापासून करतो हा... तिला नवल वाटायचं, आणि मग दिवसभर कामात लक्ष लागायचं नाही.

तोही काही ना काही निमित्ताने दवाखान्यात यायचा. एकदा मेथीची जुडी घेऊन आला.

"आज बोंडीले काय झालं?" मेघाने विचारलं.

"काई नाई. तिनंच धाडलं. म्हने, मॅडमले मेथी देऊन ये."

"अस्सं... आणि तुमाले स्वतःले काई सांगायचं नाई?"

त्याने तिच्याकडे पाहिलं. अगदी क्षणभर, पण मेघाच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या. मग तो म्हणाला, "थंडी लय वाढली," आणि निघून गेला.

इथेच सगळं अडलं होतं. मेघासाठी नागपूरचं स्थळ आलं होतं, मुलगा बँकेत, रविवारी अकरा वाजता पाहायला येणार होता. तिचे वडील कवडूजी दारूगोळा डेपोतून निवृत्त झालेले, सरळ माणूस. जबरदस्ती नाही, पण नाही म्हणायचं तर कारण सांग, एवढंच त्यांचं म्हणणं. मेघा काय कारण सांगणार? की एक जण रोज येऊन हवामान सांगून जातो?

शुक्रवारी तिने अश्वजितला स्पष्टच सांगितलं. तो चपलेने माती उकरत राहिला.

"बँकेत हाय... मंग चांगलाच असन," तो म्हणाला.

मेघा घरी पोचली तेव्हा तिचे डोळे लाल होते. स्कूटीवर वारा लागला, असं तिने वडिलांना सांगितलं.

रविवारी पहाटे अश्वजितचा फोन आला. बोंडीला चार पिल्लं झाली होती, पण एक पिल्लू बाजूला पडून थंडगार झालं होतं. मेघाने शाल ओढली आणि केस न विंचरताच स्कूटी काढली. नदीवरून धुकं उठत होतं, बोटं हँडलवर बधिर होत होती. रानात पोचली तेव्हा अश्वजितची आई धुरपताबाई कोमट दूध आणि कापसाची वात घेऊन पिल्लाला पाजायच्या तयारीत होती.

"थांबा मावशी, दूध नको," मेघा म्हणाली. गारठलेल्या पिल्लाला दूध पचत नाही, आधी अंग गरम व्हावं लागतं, तेही हळूहळू. शेकोटी नको, माणसाच्या अंगाची ऊब हवी. अश्वजितने काही न विचारता शर्टाची बटणं काढली आणि ते मुठीएवढं पिल्लू छातीशी धरलं. मेघाने वरून शाल गुंडाळली. शालीचं दुसरं टोक तिच्याच खांद्यावर होतं, त्यामुळे तिला त्याच्या अगदी जवळ बसावं लागलं. शाल काढून देता आली असती, पण ते दोघांपैकी कुणालाच सुचलं नाही. धुरपताबाईने एकदा दोघांकडे पाहिलं आणि दूध घेऊन ती चुलीकडे गेली.

बोंडी बाकीच्या तिघांना एकेक करून चाटत होती.

"परवा मी खोटं बोललो," अश्वजित पिल्लाकडे पाहत म्हणाला. "चांगला असन म्हटलं ना... मी त्याले पायलं बी नाई, आन् मले तो बिलकूल आवडत नाई."

"काऊन?"

"काऊन की... मले तुमी आवडता. पयल्या दिवसापासून. तुमी हसल्या ना माह्या पन्नीवर, तवापासून तर लयच. पण मी वांगे विकणारा. तुमाले सरकारी नौकरी. कोणत्या तोंडानं बोलू?"

मेघाला त्याचा राग आला आणि रडूही आलं.

"बाजारातल्या कुत्र्यांची घरं कोण पायते हो? कोणी नाई पाहात, तरी तुमी रोज हात घालून पायता. असा माणूस मले कोणत्या बँकेत भेटन?" ती म्हणाली. "मले तुमी पाह्यजे, अश्वजित. एवढं समजत नाई तुमाले?"

त्याने मान वर केली. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते लपवायचा त्याने प्रयत्न केला नाही. तेवढ्यात शालीत काहीतरी वळवळलं. पिल्लू त्याच्या छातीवर तोंड घासत काहीतरी शोधत होतं. मेघाने ते अलगद उचलून बोंडीच्या पोटाशी लावलं. पहिल्यांदा चुकलं, दुसऱ्यांदा चुकलं... मग चुटूचुटू प्यायला लागलं. दोघंही ते बघत राहिले.

"तुमचे बाबा चहा किती वाजता घेतात?" अश्वजितने विचारलं.

"आठले."

तो उठला आणि घाईघाईने शर्टाची बटणं लावू लागला.

आठला पाच कमी असताना कवडूजींच्या दारात दोघं उभी होती. अश्वजितची बटणं वरखाली लागलेली, मेघाच्या केसांत गव्हाची काडी. अश्वजितने "जय भीम, बाबूजी" म्हटलं आणि पुढचे पाठ केलेले सगळे शब्द तो विसरला. कवडूजींनी त्याच्याकडे पाहिलं, मग लेकीकडे पाहिलं. तिचे डोळे आजही लाल होते, पण चेहरा कसा फुलून आला होता.

"हेच का कारण?" त्यांनी विचारलं.

"हेच, बाबा," मेघा म्हणाली.

कवडूजींनी कप खाली ठेवला आणि चष्मा लावून फोनमधला नंबर शोधू लागले. "बस बाबू, उभा काऊन राह्यला," ते अश्वजितला म्हणाले. "नागपूरची माणसं निघाली नसतीन अजून. आधी त्यायले सांगतो, मंग आपण बोलू."