काटा थांबू दे

राहुरीजवळच्या एका साखर कारखान्यात उसाच्या गाड्या तोलायचा काटा आहे. काट्याच्या खोलीतला संगणक जुनाट: काळा पडदा, हिरवी अक्षरं, सगळा कारभार कीबोर्डवर. वजन सेव्ह करायला दोन टोकांच्या दोन कळा एकदम दाबाव्या लागत. धक्क्यानं चुकीचं वजन नोंदलं जाऊ नये म्हणून. प्रोग्राम कुणी लिहिला ठाऊक नाही, पण त्यात एकही ओळ वायफळ नव्हती.

आमचे शेजारी गहिनीनाथकाका या काट्यावर बसत. अर्धांगवायूनं त्यांचा डावा हात गेला. एका हातानं दोन कळा जमेनात आणि साहेब त्यांना काट्यावरून काढणार होते. मी नुकतीच भौतिकशास्त्र घेऊन बीएस्सी झालेली. त्या प्रोग्रामला माउस जोडून द्यायचं मी ठरवलं.

पडद्यावर बाण नव्हता. माउस हलवला की एका अक्षराएवढा हिरवा चौकोन या अक्षरावरून त्या अक्षरावर उडी मारी. ‘सेव्ह’वर आणून बटण दाबलं की झालं.

“अश्विनी, उंदीर बेस पाळलास,” काका म्हणाले. चौकोनाला मात्र ते काटाच म्हणत. आणि ‘सेव्ह’वर आणूनही बटण दाबत नसत.

“दाबा ना, काका.”

“थरथरतोय. काटा थांबू दे.”

“हा तराजूचा काटा नाही. या अक्षरावर असतो, नाही तर त्या. मधे जागाच नाही.”

“व्हय? बघ मग.”

चौकोन दोन अक्षरांच्या मधे थरथरत होता. आधी जोरात, मग मंद. बाहेर काट्यावर चढलेला ट्रॅक्टर अजून डुलत होता.

“काय नाथा, उंदरानं ऊस खाल्ला का काय?” ट्रॅक्टरवरून लालमहंमद ओरडला.

ट्रॅक्टर स्थिर झाला. चौकोनही. काकांनी बटण दाबलं.

मी सगळा कोड पुन्हा वाचला. वजनाच्या यंत्राचा आणि माझ्या माउसचा कुठेही संबंध नव्हता.

“थांबायचं कुणी शिकवलं?”

“बन्सीनानांनी. माझ्या आधी हितं तेच. रोज पहिल्या गाडीआधी सोता काट्यावर उभे ऱ्हायचे. म्हनायचे, आधी माजं साठ किलो बरुबर दाव, मग लोकांचं. जाऊन वरीस झालं त्यांना.”

साहेब दुपारभर मागे उभे होते. एकाही वजनावरून वाद झाला नाही. जाताना म्हणाले, “उद्यापासून काट्यावर तुम्हीच.”

काकांनी शर्टाच्या टोकानं माउस पुसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी संगणक सुरू केला. गाड्या फाटकाबाहेर होत्या. काट्याचा लोखंडी पत्रा रिकामा, दवानं ओला. वायर कुरतडली जाऊ नये म्हणून मी माउस घरी नेला होता. तो अजून माझ्या पिशवीतच होता.

चौकोन थरथरू लागला.

मग थांबला.

वजनाच्या जागी आकडा उमटला.

“साठ?” पडद्याकडे न बघताच काकांनी विचारलं.

“हो.”

ते खिडकीशी गेले. “काटा खरा हाय, नाना. उतरा आता. गाड्या आत घ्यायच्यात.”

बाहेर पत्रा किंचित वाजला.

आकडा शून्यावर आला.