जोडीचा तास

तास सुरू झाल्यावर तो आला आणि दारातच घुटमळला. पहिल्या वर्षाला कायद्याचं लेखन शिकवणाऱ्या बाईंनी मानही नीट वर केली नाही. "उशीर झालाय. मागे बसा... आणि लिहायला घ्या."

तो निमूट बसला. घरमालक-भाडेकरूच्या भांडणाची हकीकत थोडक्यात लिहायची होती. त्याने अख्खं पान एकाच वाक्यात भरलं! बाईंनी त्यात जागोजाग पूर्णविराम ठोकले. "मध्ये श्वास घ्यायची सवय नाही वाटतं?"

वर्ग खिदळला. तेवढ्यात प्राचार्य डोकावले. "अरे वा, ओळख झाली की! हे वकीलसाहेब. या वर्षी तुमच्या जोडीने शिकवणार."

बाई कानापर्यंत लाल झाल्या. तो मात्र गालातल्या गालात हसत होता.

मग एकाच टेबलाशी बसून मुलांचे कागद तपासणं सुरू झालं.

"हे वाचा," तो म्हणायचा, "मयताने नंतर स्वतः पोलिसांत जबाब दिला."

"खुनाचा तपास किती सोपा झाला!"

दोघं हसून हसून बेजार व्हायची. कागद देता-घेता बोटाला बोट लागायचं... आणि हात मागे घ्यायची घाई कुणालाच नसायची.

परीक्षा संपली त्या दुपारी तो म्हणाला, "मामा त्यांची वकिली सांभाळायला बोलावताहेत. कायमचं. जाऊ?"

"मला काय विचारता?"

"मग कुणाला विचारू?"

शब्द अगदी ओठांवर आले. पण तिचं ठरलेलं लग्न एकदा ऐनवेळी मोडलं होतं. तेव्हापासून तिने आशा करायचीच धास्ती घेतली होती. कागद सारखे करत ती म्हणाली, "संधी चांगली आहे... जायला हवं."

त्याने हातातला कागद गठ्ठ्यावर ठेवला. मग "बरं," म्हणून उठला.

"अगं वेडे, थांब म्हणायचं होतंस!" सगळं ऐकून घरी वहिनी कळवळून म्हणाली. तरी फोन करायचा धीर व्हायला पावसाळा उलटला.

"तुम्ही जायला नको होतं," ती एका दमात बोलून गेली.



"माझं लग्न ठरलंय," तो म्हणाला. "नुकतंच."

"...कशी आहे?"

"चांगली आहे. मनात येईल ते बोलते."

तिने डोळे मिटले. "तरी एकदा ऐकून घ्या. तुम्ही मला फार आवडायचात."

"माहीत होतं," तो हळूच म्हणाला. "म्हणून तर विचारलं होतं."