ओळख देणारा

नोंदणी कार्यालयाच्या व्हरांड्यात एक लाकडी बाक होता. त्या बाकाच्या कडेला बसणाऱ्या माणसाला सगळे ओळखभाऊ म्हणत.

घराचा दस्त करायला आलेला माणूस खरंच तोच आहे, हे साहेबांपुढे सांगायला दोन ओळखीची माणसं लागतात. परगावच्या माणसानं ती कुठून आणायची? मग दस्त लिहिणारे काका व्हरांड्याकडे बघून नुसती मान हलवायचे. ओळखभाऊ उठायचा, आत जायचा आणि म्हणायचा, "हो साहेब, ओळखतो यांना." पेन्सिलीनं फुली मारलेल्या जागी सही करायची, हातावर पडेल ते खिशात टाकायचं आणि पुन्हा बाकावर. दुसरी सही चहावाल्याची. कागद वाचायचा नाही, हा ओळखभाऊचा नेम होता. "वाचलं की शंका येते," तो म्हणे, "आणि शंकेवर चूल पेटत नाही."

घरात मात्र दिव्याखाली अंधार. राहतं घर अजून आईच्या नावावर होतं, आणि आई अंथरुणाला खिळलेली. बायको रोज टोचायची. "जगाची घरं जगाच्या नावावर करून देता. उद्या आईंचं काही झालं तर आम्ही कुणाच्या दारात बसायचं?"

"अगं, ऑफिस काय पळून चाललंय? आणि मी एकुलता एक. घर जाणार कुठे?"

त्या दिवशी दुपारीच अंधारून आलं. वीज गेली, पंखा कुरकुरत थांबला आणि आतल्या खोलीतली शिक्क्यांची ठपठप तेवढी ऐकू येत राहिली. दस्तवाल्या काकांनी मान हलवली. त्यांच्यामागे एक माणूस उभा होता. ओळखभाऊच्याच वयाचा, त्याच्याच उंचीचा. अंगाला वास येत होता तो वर्षानुवर्षं न उघडलेल्या पेटीतल्या कपड्यांचा.

"यांचं काम तसं झालंच आहे," काका म्हणाले. "म्हातारी मुलाला घर देतेय. कारकून सकाळी घरी जाऊन तिचा अंगठाही घेऊन आलेत."

"सून भली आहे हो," आतून कारकून म्हणाले. "बसा म्हणाली, पाणी दिलं. म्हातारी मात्र भिंतीकडे तोंड करून होती. एक शब्द नाही."

साहेबांच्या टेबलावर मेणबत्ती लावली होती. कारकुनांनी त्या माणसाचा अंगठा शाईवर टेकवला आणि चटकन आपला हात काढून घेतला. "केवढा गार हात हो तुमचा…"

त्यानं शाईचा अंगठा कागदावर दाबला.

साहेब एरवी वर बघतही नसत. वीज नाही, काम अडलेलं, म्हणून त्यांना चेष्टा सुचली असावी. "काय ओळखभाऊ, यांना कधीपासून ओळखता?"

"लहानपणापासून, साहेब. एका ताटात जेवलोय आम्ही."

सगळे हसले. रोजचाच विनोद होता तो. चहावाला तर म्हणाला, "याच्या एका ताटात निम्मा तालुका जेवलाय." तो माणूस तेवढा हसला नाही. त्यानं मान वळवून ओळखभाऊकडे पाहिलं. खूप उपाशी माणूस भरल्या पानाकडे पाहतो, तसं.

"खरंच?" तो हळूच म्हणाला. "मग… येऊ मी?"

"या की," म्हणत ओळखभाऊनं फुलीवर सही ठोकली.

संध्याकाळी तो घरी पोचला तेव्हा दार लोटलेलं होतं. आत दिवा होता. त्याच्या पाटावर, त्याच्या ताटात तो माणूस जेवत होता. खाली मान घालून, सावकाश. धाकटी मुलगी त्याच्या मांडीला टेकून काहीतरी सांगत होती.

बायको दाराशी आली. पदर सारखा करत तिनं विचारलं, "कोण पाहिजे?"

ओळखभाऊला आधी हसू आलं. "पुरे झाली थट्टा. कोण आहे हा?"

"ते जेवतायत," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, भीतीही नव्हती. अनोळखी माणसाशी बोलताना असतो तसला बेताचा मऊपणा होता. "कामाचं असेल तर उद्या ऑफिसात भेटा. घरी असं येऊ नये हो."

"बाबा, कोण आहे?" मुलीनं विचारलं. त्याला नाही. मांडीवाल्याला.

दार लागलं. तो शेजारच्या दारात गेला. शेजाऱ्यानं दिवा वर करून त्याचं तोंड पाहिलं आणि म्हणाला, "चुकलात वाटतं गल्ली."

सकाळी कार्यालय उघडायच्या आधीच तो व्हरांड्यात हजर. थोड्या वेळानं तो माणूस आला आणि बाकाच्या कडेला, त्याच्या जागेवर बसला. चहावाल्यानं त्याला विचारलं, "काय ओळखभाऊ, आज उशीर?"

ओळखभाऊ धावत काकांकडे गेला. "काका, मी… मला ओळखत नाही तुम्ही? रोज तुम्हीच बोलावता मला…"

काकांनी चष्म्यावरून पाहिलं. "काय काम आहे?"

"ते घर माझं आहे. कालचा दस्त खोटा आहे. मीच सही केलीय त्यावर."

"बरं. मग तुम्ही कोण, हे सांगणारी दोन माणसं घेऊन या." काका समजुतीनं म्हणाले. "मी काय करणार? नियम आहे. हवं तर त्या बाकावर बसलेत ना, त्यांना विचारा. ते करतात अशी मदत."

ओळखभाऊनं बाकाकडे पाहिलं. तो माणूस त्याच्याकडेच बघत होता. "नाही," तो शांतपणे म्हणाला. "यांना मी ओळखत नाही."

आता एकच जागा उरली होती. घराच्या मागच्या बोळात आईच्या उशाशी खिडकी होती. कायम बंद असायची. तिन्हीसांजेला त्यानं ती ढकलली. आत औषधांचा वास होता, अंधार होता, आणि आईचे दोन डोळे उघडे होते.

"आई… मी आहे."

तिनं त्याचा चेहरा निरखला.

"ओळखलं मी तुला," ती म्हणाली.

त्याचा जीव भांड्यात पडला. गज धरून तो रडायलाच लागला. "मग सांग ना त्यांना. तू सांगितलंस तर…"

"मागच्या वेळीही मी बोलले नव्हते."

"मागच्या वेळी?"

"तू आलास तेव्हा. एवढंसं पोर होतास. माझ्या मुलाचे कपडे घालून, तिन्हीसांजेला खेळून आल्यासारखा आत आलास. घरातले म्हणाले, हाच. शेजारीण म्हणाली, मी जन्मापासून ओळखते, हाच. आणि माझं पोटचं पोर इथेच… या खिडकीखाली उभं राहून हाका मारत होतं."

"मग तू… उघडली नाहीस?"

"तू जास्त भुकेला दिसत होतास रे."

आत ताटाचा आवाज झाला. आईनं हात खिडकीकडे नेला.

"त्याचं काय झालं, आई? आणि मी… मी कुठून आलो होतो?"

"मी कधी विचारलं नाही," ती म्हणाली. तिनं खिडकी लोटली आणि आतून कडी घातली.

तो बोळात उभा राहिला. आईच्या घरात येण्याआधीचं काही आठवतं का, म्हणून त्यानं डोळे मिटले. काहीच नव्हतं. ना घर, ना दार, ना कुणाचा चेहरा.

तेवढ्यात बोळाच्या बंद टोकाकडून कुणीतरी हाक मारली. बाईचा आवाज होता, फार थकलेला, खूप वर्षं शोधत फिरल्यासारखा. ती घेत होती ते नाव त्यानं जन्मात ऐकलं नव्हतं.

आणि तो काही ठरवायच्या आत त्याच्या तोंडून "ओ" निघून गेली.