हरकत माझीच

एरॉल पहिल्यांदा भेटला तेव्हा त्याच्या हातात माझ्या आईची साखर होती.

म्हणजे रिपोर्ट. माणिकपूरच्या एका लॅबनं इझाबेल लोपीस नावाच्या दोन बायकांची पाकिटं अदलाबदल करून दिली होती. एक माझी आई, दुसरी याची मावशी. आमच्या वसईत एकाच नावा-आडनावाच्या तीन बायका चर्चच्या एका बाकावर सापडतील, म्हणून लॅबवर मी फारशी चिडले नाही. चिडले ती याच्यावर, कारण हा दारात उभा राहून हसत होता.

"तुमच्या आईमुळे माझी मावशी आठ दिवस बिनसाखरेचा चहा पितेय," तो म्हणाला. "आणि सगळ्या घराला पाजतेय."

"आणि माझी आई आठ दिवस केक खातेय. हसताय काय?"

"हसत नाही... चेहराच असा आहे."

चेहरा खरंच तसा होता. आईला तो लगेच आवडला. मला दुसऱ्या दिवशी आवडला, ऐन वर्गात. मी दहावीला गणित शिकवते. उदाहरण अर्ध्यावर सोडून मी फळ्याकडे बघत राहिले आणि मागच्या बाकावरच्या मुली खुसखुसल्या.

एरॉल वालीवच्या एका कारखान्यात सुपरवायझर. तिथं प्लास्टिकच्या डब्यांची झाकणं बनवतात.

"नुसती झाकणं?"

"डबे दुसरीकडे होतात. म्हणून तर... जोडी शोधत फिरतोय," तो म्हणाला, आणि इतका फालतू विनोद केल्याबद्दल स्वतःच कानापर्यंत लाल झाला. त्या लाजण्यावर मी भाळले!

सहा महिन्यांत दोन्ही घरची बोलणी झाली. चर्चमध्ये नावं द्यायला गेलो तर फादर आलोशियसनी नियमाप्रमाणे विचारलं, "नात्यात आहात का?" दोन्हीकडे लोपीस. मागच्या चार पिढ्या तपासल्या, नातं निघालं नाही. पाचवी कुणालाच आठवेना.

सगळे हसले. मला मात्र रिचर्ड आठवला.

रिचर्ड माझा धाकटा भाऊ. नऊ वर्षांचा असताना गेला. सतत खोकला, अंगाला मांस नाही, आणि पापा घेतला की कपाळ खारट लागायचं. गावात म्हणायचे, मिठागरावरचं वारं बाधलंय. आईनं दृष्ट काढली, नवस केले. मुंबईच्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं तेव्हा तो आठ वर्षांचा होता. सिस्टिक फायब्रोसिस. आई-बाबा दोघंही त्याचे वाहक, आणि स्वतः ठणठणीत. दोघांकडून दोष आला तरच मूल आजारी पडतं.

मीही ठणठणीत. पण मी वाहक असण्याची शक्यता तीनात दोन. संभाव्यतेचा धडा मी दर वर्षी शिकवते, पेटीतल्या लाल-निळ्या चेंडूंसकट. हे चेंडू मात्र मला मोजवेनात.

रक्ताच्या एका तपासणीत बरंच कळतं. मी वाहक नसले तर काळजी जवळजवळ मिटली. असले तर मग एरॉलची तपासणी. तोही निघाला तर प्रत्येक बाळामागे चारात एक धोका. एवढं सगळं मला पाठ होतं... आणि एरॉलला यातलं काहीच माहीत नव्हतं. "न्यूमोनियानं गेला," असं आई सगळ्यांना सांगते. मीही त्याला तेच सांगितलं होतं.

तपासणी करू की नको? सकाळी वाटे, करावी. दुपारी वाटे, कशाला? करायची म्हणजे काय, रिचर्डसारखं मूल नको, असंच ना? माझा रिचर्ड नको, असं मी कुठल्या तोंडानं म्हणू? आणि नाही केली, तर एरॉलच्या डोळ्यांत कशी बघू? त्या आठवड्यात मी पायथागोरसचं प्रमेय चुकवलं. मुलींनी दुरुस्त केलं.

रविवारी चर्चमध्ये मिस्सेच्या प्रार्थनेच्या शेवटी फादरनी आमची नावं वाचली. लग्नाआधी तीन रविवार अशी वाचतात, आणि वर म्हणतात, या विवाहाला कोणाची हरकत असल्यास धर्मगुरूंना कळवावे. लोक वळून वळून आमच्याकडे बघत होते. मिस्सा संपली तशी मी तडक फादरच्या ऑफिसात गेले.

"फादर, हरकत आहे."

"कुणाची?"

"माझीच."

फादरनी चष्मा काढला. मी भडाभडा सगळं सांगून टाकलं.

"बाय, आमच्या नियमांत ही हरकत बसत नाही," ते शांतपणे म्हणाले. "तपासणी कर किंवा करू नको, हेही मी सांगणार नाही. पण एरॉलला सोडून आधी माझ्याकडे का आलीस?"

"तुम्ही मला सोडून जाणार नाही ना... म्हणून," मी म्हणाले आणि ढसाढसा रडले.

एरॉल गेटापाशी बाइकला टेकून उभा होता. तिथंच सांगितलं. खोटा न्यूमोनिया, तीनात दोन, चारात एक. पहिल्यांदाच तो चेहरा हसत नव्हता.

"मला खोटं सांगितलंस?"

"हो... घाबरले."

मग मीच विचारलं, "मी वाहक निघाले, तूही निघालास... तर जाशील?"

कधीच नाही, हे शब्द मला हवे होते. अगदी हवे होते.

"माहीत नाही, इनेझ," तो म्हणाला. "नाही म्हणणं सोपं आहे गं. मला जायचं नाहीये... एवढंच माहीत आहे."

मला राग आला. आणि रागातच कळलं, हा माझ्याशी खोटं बोलणार नाही.

"रिचर्ड कसा होता?" त्यानं अचानक विचारलं.

कशानं गेला, हे सगळे विचारतात. हे कुणीच विचारलं नव्हतं.

"लबाड होता! शेजारच्या वाडीत वाळवून पुडीत बांधलेली सुकेळी चोरायचा. केळी खायची आणि पानाच्या पुडीत खडे भरून परत ठेवायचे. मग खोकता खोकता हसायचा." मी बोलत सुटले. बोलता बोलता थांबले. "आईला आधी माहीत असतं ना, एरॉल, तर जन्मल्यापासून औषधं मिळाली असती त्याला. सात-आठ वर्षं नुसती दृष्ट काढण्यात गेली रे."

एरॉलचे डोळे भरले. मी माझे पुसले.

"उद्या रक्त देते मी. पुढचं काय ते अजून ठरवता येत नाही मला."

"मी येतो सोबत. पण आधीच सांगतो... सुई बघितली की मला चक्कर येते."

"घाबरलायस?"

"खूप."

"मी पण," मी म्हणाले, आणि मिस्सेहून परतणाऱ्या अख्ख्या गावादेखत त्याचा हात धरला.