एकशे ब्याऐंशी वेढे

“दुकानात कोणी नाही का?”

मी मान वर न करताच म्हटलं, “मंग मी कोन दिसून राहिली तुमाले? खुंटी?”

अमरावतीची एस.टी. चुकली म्हणून तो उन्हात हिंडत अकोल्याच्या ताजनापेठेत, आमच्या मोटार-वाइंडिंगच्या दुकानापाशी आला होता. त्रेसष्ट सालचा फेब्रुवारी. जिनिंगचा हंगाम, त्यामुळे हवेत कापूस उडत होता, आणि त्यातलंच एक पीस त्याच्या केसांत अडकलं होतं. सावळा, उंच… डोळे मात्र गोंधळलेले.

“माफ करा, मला कारागीर हवे होते.”

“बोला की. कारागिरासंगच बोलून राहिले तुमी.”

बाबा, म्हणजे पुंजाराम मिस्त्री, एका जिनात मोटार बसवायला गेले होते. मॅट्रिक झाल्यापासून, पाच वर्षं, दुकानातल्या निम्म्या मोटारी मीच भरत होते.

त्यानं घडी केलेला कागद उलगडला. नाव गोवर्धन. वलगावच्या शेतकऱ्याचा मुलगा, अमरावतीच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवणारा. घरच्या घरी स्पीकर बांधत होता. एका पेटीत दोन, मोठा जाड सुरांसाठी आणि छोटा बारीक सुरांसाठी.

“अन् ही कॉईल कायले?”

“ती मोठ्याच्या दारात उभी राहते, बारीक सुरांना आत येऊ देत नाही. छोट्याच्या दारात कंडेन्सर असतो, तो जाड सुरांना अडवतो. ज्यानं त्यानं आपापलं गायचं… पण दोघांची शीव जिथं लागते ना, तिथं सांधा कळता कामा नये. सगळी गंमत तिथंच आहे. क्रॉसओव्हर म्हणतात त्याला.”

तो इतका रंगून सांगत होता की मी कागदाऐवजी त्याच्याकडेच बघत राहिले.

“एकशे ब्याऐंशी वेढे,” तो म्हणाला. “मधे लोखंड नको, नुसती हवा. जमेल?”

“जमेल काय इचारता? बसा.”

मी तार गुंडाळायचा लाकडी फर्मा चढवला आणि हातमशीन फिरवायला लागले. तांब्याची तार वेढ्याला वेढा लागून बसत होती. तो समोर बसून ओठांतल्या ओठांत मोजत होता. मधेच मी हात थांबवला.

“किती झाले?”

“सत्त्याण्णव.”

“अठ्ठ्याण्णव.”

त्यानं वाकून मशीनचा आकडा पाहिला. अठ्ठ्याण्णव! तो असा काही हसला, की पुढचे वेढे मला दुप्पट लक्ष देऊन घालावे लागले.

फर्मा काढून, दोऱ्यानं बांधून, ओल्या वार्निशची कॉईल मी त्याच्या हातात ठेवली. तो बघत राहिला. “सुंदर आहे…”

“कॉईल?”

“हो… कॉईलच,” तो म्हणाला, आणि त्याचे कान लाल झाले.

तीन आठवड्यांनी कार्ड आलं. मी ते धडधडत्या छातीनं वाचलं, आणि छाती धडधडली याचाच मला राग आला. ‘आवाज मधेच पोकळ येतो. गाणारी बाई विहिरीच्या तळाशी उभी असावी तसा. आमचे विभागप्रमुख वामनराव म्हणतात, बाईमाणसाच्या हातून वेढे चुकले असतील. आपण पडताळून पाहाल का?’

“जाऊ दे, दुसरी भरून पाठव,” बाबा म्हणाले.

“दुसरी काहून? पहिली चुकली कुठी?”

दुसऱ्याच दिवशी मी अमरावती गाठली, आणि तिथं राहणाऱ्या पार्बताबाई मावशीला घेऊन थेट कॉलेजात गेले. प्रयोगशाळेत टेबलावर त्यानं घरून आणलेली स्पीकरची पेटी, भोवती पोरं, आणि खुर्चीत जाड चष्म्याचे वामनराव. मला पाहून गोवर्धनच्या हातातला खडूच पडला.

“तुम्ही… इथं?”

“कॉईल कुठी हाय? मी उलगडतो, तुमी मोजा. मोठ्यानं!”

त्यानं मुकाट्यानं पेटीची पाठ उघडली. मी वाकले आणि थबकले. कॉईलच्या ऐन मधून एक जाडजूड बोल्ट आरपार गेला होता.

“हा कायचा?”

“लोखंडाचा. कॉईल हलू नये म्हणून फळीला…”

“मधे लोखंड नको, नुसती हवा. कोन म्हनलं होतं?”

“मी.”

“लोखंड घातलं की कॉईलचा जोर वाढते. मोटार भरनाऱ्याले समजते हे. कॉलेजात नाई शिकवत?”

“शिकवतात,” तो हळूच म्हणाला. “मीच शिकवतो… दर बुधवारी.”

पोरं खो-खो हसली. मी बोल्ट काढला आणि कॉईल सुती नाडीनं फळीला बांधली. गोवर्धननं तबकडी लावली. गाणारी बाई विहिरीतून वर आली आणि आमच्यात येऊन उभी राहिली. दोन ओळींमधला तिचा श्वासही ऐकू येत होता. दोन स्पीकरांमधला सांधा मी कान देऊन शोधला, पण सापडला नाही.

“बोल्टानं कॉईलचा जोर वाढला,” गोवर्धन पोरांना म्हणाला, “म्हणून छोटा गायला लागायच्या आधीच मोठा गप्प होत होता. कॉईल पहिल्या दिवसापासून बरोबर होती, चूक माझी. ही कॉईल भरणाऱ्या कारागीर, जयवंता पुंजाराम काळबांडे, अकोला. नाव लिहून घ्या.”

आणि पोरांनी खरंच वह्या उघडल्या! वामनराव उठले, चष्मा काढून म्हणाले, “बाई, मी बोललो ते चुकलं.”

मी मान हलवली आणि काढलेला बोल्ट त्यांच्यासमोर टेबलावर ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी एस.टी. स्टँडवर मावशी माझ्यासाठी संत्री निवडत होती. मी गाडीत खिडकीशी बसले होते. तेवढ्यात तो आला, सायकल हातात, धापा टाकत.

“कार्डाची माफी मागायला आलो.”

“काल मागतली नं.”

“काल सगळ्यांसमोर मागितली. आज… तुमच्याजवळ.”

“कार्ड आलं नसतं तं मी बी आली नसती.”

“म्हणजे माझं चुकलं ते बरंच झालं?”

“तसं समजू नका. अजून कुठीतरी बोल्ट ठोकसान.”

इंजिन सुरू झालं. त्यानं खिडकीचा गज धरला. “रविवारी अकोल्याला येऊ?”

“अजून कॉईल पायजे?”

“नाही… तुमच्या बाबांना भेटायचं आहे.”

“काहून?”

गाडी हलली, आणि त्याची सगळी पुस्तकी भाषा कुठल्या कुठं उडाली. “मले तुयासंग संसार करायचा हाय, जयवंता! बाबाले इचारू का नको, सांग!”

अख्ख्या गाडीनं ऐकलं. कंडक्टरनं दोरी ओढून गाडी थांबवली आणि माझ्याकडे पाहत राहिला.

“इचारा,” मी म्हटलं. “पन लगन झालं तरी मी तार सोडनार नाई.”

“सोडजो बी नको!”

“मंग माहा होकार हाय!”

खाली मावशीच्या ओच्यातली संत्री घरंगळत होती, आणि तिचं तिकडे लक्षच नव्हतं.

रविवारी तो आला. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि हातातल्या तारेचा गुंता सोडवला. मग म्हणाले, “मास्तर, तुमी पोरगी नाई, माहा सगळ्यात चांगला कारागीर मागून राहिले.”

“ठाऊक हाय,” गोवर्धन म्हणाला. “म्हनूनच आलो.”

मी दारात उभी होते. डोळे भरून आले, पण मान काही मी खाली घातली नाही.