लेट्यूसची जुडी

माझ्या लेट्यूसच्या जुड्या बांधून तो माणूस माझ्याकडे बघून हसला, आणि मला त्याचा गळा दाबावासा वाटला.

जानेवारीतली सकाळ होती. केडगावातल्या आमच्या घरामागे एक वाफा मावेल एवढीच मोकळी जागा आहे. दिवाळीनंतर बी टाकून मी तिथे वाढवलेली हिरवी-तांबूस पानं आता मुळांसकट उपटून, नळाखाली धुऊन, सुतळीने बांधून ओट्यावर मांडलेली होती. आणि शेजारी उभा होता आमचा नवा भाडेकरू. दादांच्या, म्हणजे माझ्या वडलांच्या, पारनेरच्या मित्राचा मुलगा, कानिफनाथ. एमआयडीसीत नोकरीला लागलेला, कालच मागच्या खोलीत राहायला आलेला.

"ताई, भाजी तयार दिसली. म्हटलं, काढून ठिवावी. काकूंना तेवढीच मदत."

"ताई कुणाला म्हणता? आणि उपटायला सांगितलं कुणी?"

"मेथी अशीच काढत्यात की."

"ही मेथी नाही, लेट्यूस आहे. याची बाहेरची पानं खुडायची, आतला कोंब ठेवायचा. मग पुन्हा पानं येतात. शेतकऱ्याच्या घरातले ना तुम्ही? हरभऱ्याची भाजी उपटता की खुडता?"

त्याचं हसू गेलं. "खुडतो."

"मग?"

"मग... चुकलं माझं."

असं लगेच कबूल करणाऱ्या माणसाशी भांडावं तरी कसं? मला आणखीच राग आला.

त्या वाफ्यावर माझं सगळं लागलं होतं. दादांना तिथे कोबा करून मोठी खोली काढायची होती. मी हट्टाला पेटले, तेव्हा बोलणं ठरलं – होळीपर्यंत घराला पुरेल असं काहीतरी पिकवून दाखव, नाहीतर भीमा गवंडी येईल. आमच्या गल्लीत सगळ्यांच्या अंगणात फरशी आलीये. मला घरात तेवढी एक जागा मातीची हवी होती, आणि या माणसाने ती सुतळीने बांधून ठेवली होती.

त्याने मुकाट्याने जुड्या सोडल्या. एकेक रोप परत लावलं, वर काटक्या रोवून ओलं गोणपाट टाकलं. निम्मी रोपं माना टाकून गेली. उरलेल्यांनी आठवडाभरात इवलं इवलं पान काढलं, आणि ते मला दाखवायला त्याने भल्या पहाटे आमचं दार वाजवलं. त्यावरूनही मी त्याला बोललेच.

मग रोज संध्याकाळी तो कामावरून आला की पाणी घालायचा आणि मी चुका काढायला उभी राहायचे. ओल्या मातीचा वास, त्याच्या कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्या... नको तिकडे लक्ष जायचं, आणि त्याचाही राग यायचा.

"एवढं रागावून बघितलं तर पानं कडू व्हत्यात म्हनं," तो एकदा म्हणाला.

"ऊन वाढलं की कडू होतात. रागाने नाही."

"मंग ठीक हाय. तुमचं चालू द्या."

मी चटकन पाठ फिरवली. हसताना सापडायचं नव्हतं मला.

एकदा त्याने लेट्यूसच्या पानात भाकरीचा तुकडा आणि ठेचा गुंडाळून माझ्यापुढे धरला. घेताना बोटाला बोट लागलं. दोघांनीही ते लवकर काढलं नाही.

"हात धुतले होते का?" मी विचारलं.

"तुमी खाल म्हनून दोनदा."

ठेचा झणझणीत होता. डोळ्यांत आलेलं पाणी मी ठेच्याच्या नावावर खपवलं.

आणि होळीच्या आधी दारात वाळूचा टेम्पो रिकामा झाला.

मी तशीच दादांपुढे जाऊन उभी राहिले. "काय ठरलं होतं आपलं? रोज ताटात पानं येतात की नाही?"

"येत्यात, जये. खातोय की मी." दादा नजर चुकवत म्हणाले. "पर कानिफला मोठी खोली पायजे. लग्न हाय त्याचं. आला तवाच बोलला हुता तो."

मला पुढचं ऐकू आलं नाही. मागे गेले तर तो वाफ्याशी बसला होता, हातात पाण्याचा मग.

"लग्न आहे म्हणे तुमचं."

तो उठला. "घरच्यांनी एक ठिकान बघितलं हुतं. तवा खोली मागितली. पर मी... नको म्हनून सांगितलं घरी."

"कधी?"

"तुमी भाकरी खाल्ली ना, त्याच रात्री."

"मग दादांना का नाही सांगितलं?"

"खोली नको म्हटलं असतं, तर का नको, ते बी सांगावं लागलं असतं." त्याने मान खाली घातली. "आता सांगतो. खोली सोडून जातो मी. म्हंजे बांधायचं कारनच ऱ्हानार न्हाई. तुमचा वाफा ऱ्हाईल."

"जाता? तुम्हाला उपटण्याशिवाय दुसरं काही येतच नाही का? आधी माझं लेट्यूस, आता स्वतःला."

"मंग काय करू, तुमीच सांगा."

काय सांगणार? मला वाफा हवा होता आणि हा माणूसही हवा होता, आणि दोन्ही हवं म्हणायला मला आता लाज वाटत नव्हती. मी तरातरा पुढच्या दाराशी गेले. तो मग घेऊन मागोमाग. वाळूच्या ढिगाशी दादा बसले होते आणि भीमा गवंडी टेप उलगडत होता.

"दादा, हे कुठेही जाणार नाहीत. यांचं लग्न ठरलेलं नाही. मला यांच्याशी लग्न करायचंय. आणि मागे कोबा करायचा नाही."

भीमाची टेप सर्रकन आत गेली. दादांनी माझ्याकडे बघितलं, मग कानिफकडे, मग त्याच्या हातातल्या मगाकडे.

"ह्याला इचारलंस का?"

विचारलं नव्हतं. मी वळले. राग उतरायचा होता अजून, त्यामुळे आवाज चढाच लागला.

"करणार का माझ्याशी लग्न?"

"व्हय," तो म्हणाला. मग घाईघाईने दादांकडे बघून, "म्हंजे... काका, तुमी म्हनाल तसं."

"मला म्हनायला काय ठिवलंय तुमी?" दादा कपडे झटकत उठले. कपाळाला आठ्या होत्या. माझा राग कुणावर गेलाय ते कळावं, अशाच. "रयवारी वडलांना बोलावून घे तुझ्या."

मग मान वर करून त्यांनी घराच्या गच्चीकडे बघितलं.

"भीमा," ते म्हणाले, "वरचा स्लॅब एक खोली पेलंल का?"