जाड पत्र्याचं काम

जगातली प्रत्येक थोर प्रेमकथा एका नजरेनं सुरू होते. नजरेला नजर भिडते, काळ थांबतो आणि काळजात एक गोड कळ उठते... सम्मेद मगदूमलाही कळ उठली. फक्त ती पायाच्या अंगठ्यात उठली, कारण त्याची प्रेमकथा बंपर पायावर पडून सुरू झाली.

उद्यमनगरात त्याचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप होतं. जुलैची सकाळ, पाऊस भुरभुरत होता आणि सम्मेद दारात उभा राहून चहा पीत होता. तेवढ्यात एक जुनी, लष्करी हिरव्या रंगाची फोर-बाय-फोर जीप खडखडत आली, समोरच्या स्पीडब्रेकरवर उडाली, आणि काथ्याच्या दोरीनं बांधलेला तिचा पुढचा बंपर सुटून घसरत थेट त्याच्या रबरी चपलेवर विसावला.

जीप थांबली. एक मुलगी उतरली. ओढणी कमरेला खोचलेली, वेणीवर पावसाचे बारीक थेंब. ती धावत आली, खाली वाकली आणि तिनं मोठ्या मायेनं हात फिरवला — बंपरवरून.

"वाकला न्हाय," ती सुटकेचा श्वास टाकत म्हणाली.

"अंगठा पण न्हाय वाकला," सम्मेद म्हणाला. "काळजी करू नका."

तेव्हा कुठं तिनं वर पाहिलं. त्या मोठ्या डोळ्यांत थोडा तरी अपराधीपणा असायला हवा होता. तो नव्हता. हसू होतं.

"पावणं, तुमी वेल्डिंग करता काय?"

"आता न्हाय म्हणून कसं चालंल... बंपर स्वतः चालत आलाय की दारात."

काळ खरोखरच थांबला असावा, कारण चहा गार झाला होता.

तिचं नाव प्रियदर्शनी. हातकणंगल्याच्या अलीकडं त्यांचा मळा, आणि मळ्यात म्हशींचा गोठा. ही जीप तिचे वडील बापूसो पाटील यांनी तरुणपणी लष्कराच्या लिलावातून आणलेली. तिनं दुधाचे कॅन वाहिले, उसाचं वाडं वाहिलं, आणि प्रियदर्शनीला गाडी चालवायला शिकवलं. आता बापूसोंनी नवा टेम्पो घेतला होता आणि जीप विकायला काढली होती. गिऱ्हाईकही तयार होतं. इचलकरंजीचे हंबीरराव. त्यांना ती आपल्या हॉटेलच्या दारात शोभेला उभी करायची होती. चाकं काढून, विटांवर ठेवून, बॉनेटमध्ये शेवंती लावणार होते.

"बॉनेटमध्ये शेवंती!" हे सांगताना प्रियदर्शनीचा आवाज असा झाला, की समोरच्या लेथवाल्यानं मशीन बंद केलं.

तिनं घरात मोठं भांडण करून एक तह मिळवला होता. ऑगस्टमध्ये पन्हाळ्याच्या पायथ्याशी चिखलातल्या गाड्यांची स्पर्धा होती. तिथला शेवटचा चढ जीपनं स्वतःच्या पायांनी चढून दाखवला, तर जीप घरी राहील. नाही चढली, तर शेवंती. बापूसो शब्दाचे पक्के होते आणि फारसे शब्द वापरतही नसत. "चालती गाडी ठेवू," एवढंच ते म्हणाले होते. "बसती न्हाय."

"मी स्वतः चालवणार हाय," ती म्हणाली. "उद्या परत येतो."

आमच्याकडच्या मुली येतो, जातो असंच बोलतात. त्यात बंडखोरी वगैरे काही नसते. सवय असते, आणि थोडी घाई. सम्मेदला मात्र त्या येतोमुळे आनंद झाला. एवढा, की अंगठा दुखायचा थांबला.

या जुन्या जीपला लागणारे सुटे भाग दुकानात मिळत नाहीत. ते गाडीच्या अंगावर माप घेऊन शिवावे लागतात. शिंपी कापड घेतो, सम्मेद आधी पुठ्ठा घ्यायचा. इंजिनाखाली दगड लागू नये म्हणून जो पत्रा बसवायचा, त्याचा आधी पुठ्ठ्याचा नमुना. तो जीपच्या पोटाला लावून बघायचा, कातरायचा, परत लावायचा. मग त्यावरून लोखंडी पत्रा कापायचा, वेल्डिंगचे नुसते टाके मारायचे, गाडीला धरून बघायचं, आणि सगळं जुळलं तरच पक्कं वेल्डिंग करायचं. लग्न जमवायची पद्धतही साधारण अशीच असते, पण त्यात पुठ्ठा नसतो.

सम्मेद जीपखाली उताणा. पुठ्ठ्याचं दुसरं टोक धरायला कुणीतरी हवं होतं. प्रियदर्शनी दुसऱ्या बाजूनं सरळ खाली सरकली. वर तेलकट इंजिन, बाहेर पत्र्याच्या छपरावर पावसाचा ताशा, आणि मध्ये मिठाईच्या खोक्याचा एक पुठ्ठा, ज्याच्या एका टोकाला तिची बोटं आणि दुसऱ्या टोकाला त्याची.

"हलवू नका," तो म्हणाला.

"मी कुठं हलवालोय? तुमचा हात हलालाय."

"...इंजिन गरम हाय म्हणून."

"इंजिन बंद हाय की सकाळपास्नं."

सम्मेदच्या पेन्सिलीची रेघ वाकडी गेली आणि पुठ्ठा वाया गेला. नवा पुठ्ठा शोधावा लागला. त्याचं दोघांनाही दुःख झाल्याचं दिसलं नाही.

दुपार कलली की दोघांचीही धांदल उडायची. चातुर्मास लागला होता, आणि सम्मेदची आई प्रभावती रोज सूर्य मावळायच्या आत जेवून घे म्हणून डबा पाठवायची. पहिल्यांदा तो डबा उघडला तेव्हा प्रियदर्शनी निघायच्या तयारीत होती. तिनं डोकावून बघितलं. भाकरी, मुगाची उसळ, दोडक्याची भाजी. कांदा नाही, लसूण नाही.

"तुमी आमच्यातलं व्हय?" ती म्हणाली आणि परत बसली. तिचंही घर जैन, तिथंही दिवस मावळायच्या आत जेवण. इथून हातकणंगले गाठेपर्यंत अंधार, म्हणजे उपास. सम्मेदनं अर्धी भाकरी मोडून पुढं केली. तिनं लाजून नको म्हटलं नाही. ढगांमुळे सूर्य नक्की कुठं आहे ते कळत नव्हतं, म्हणून दोघं घाईघाईनं, एकाच डब्यातून, आभाळाकडं बघत जेवली. चंद्राखाली जेवणाऱ्या प्रेमिकांबद्दल बरंच ऐकू येतं. मावळत्या सूर्याशी शर्यत लावून जेवणाऱ्यांना कुणी विचारत नाही.

दुसऱ्या दिवशीपासून डब्यात चार भाकऱ्या येऊ लागल्या. प्रभावतीनं काही विचारलं नव्हतं. आया विचारत नाहीत, भाकऱ्या वाढवतात.

आणि मग एक वाईट गोष्ट घडली. काम संपलं.

बंपर झाला, इंजिनाखालचा पत्रा झाला. जीप घरी न्यायला हरकत नव्हती. प्रियदर्शनी किल्ली बोटाभोवती फिरवत उभी राहिली. सम्मेद पुसलेला पाना परत पुसत राहिला.

"मागं शिडी... नको काय?" ती म्हणाली.

"शिडी पायजेच," तो इतक्या झटकन म्हणाला की दोघंही दचकली.

शिडी झाली. मग सम्मेदला सुचलं, की शिडी आहे तर वर जायला काहीतरी हवं, म्हणून टपावर रॅक. रॅक झाला तर डिझेलच्या कॅनला मागं कप्पे. मग तिला दोन्ही बाजूंना पायऱ्या हव्याशा वाटल्या. आणि सगळं जाड पत्र्याचं. पातळ पत्रा भरभर होतो. जाड पत्रा कापायला वेळ, वळवायला वेळ, वेल्डिंगला वेळ, निवायला तर फारच वेळ. वेल्डिंग गार होताना घाई करायची नाही, नाहीतर तडा जातो, असं सम्मेद तिला फार गंभीरपणे सांगायचा. मग दोघं शेजारी बसून लोखंड गार होताना बघत राहायची. यापेक्षा मंद करमणूक जगात नसेल, पण त्यांना ती पुरत नव्हती.

एकदा बापूसो बघायला आले. टपावरच्या रॅककडं त्यांनी बराच वेळ मान वर करून पाहिलं.

"ही गव्हाण कशाला?" त्यांनी विचारलं.

"रॅक हाय, अण्णा," प्रियदर्शनी म्हणाली.

"वैरण चांगली बसंल," बापूसो म्हणाले आणि चहा पिऊन गेले.

स्पर्धेच्या दिवशी पन्हाळ्याच्या पायथ्याला तांबडा चिखल नुसता उकळत होता. डोक्यावर टोप्या, हातात कणसं, पोरंटोरं दगडांवर चढलेली. गाड्या गुरगुरत होत्या आणि वाफेसारखं धुकं उतारावरून खाली येत होतं. प्रियदर्शनीची जीप आली तेव्हा माईकवाल्यानं ती खालपासून वरपर्यंत न्याहाळली. मग म्हणाला, "मंडळी, आता येतोय... एक किल्ला!" लोकांनी फोटो काढले. हंबीररावही आले होते. ते कौतुकानं बॉनेटची लांबी-रुंदी बघत होते.

प्रियदर्शनीनं गियर टाकला. जीप ओढा ओलांडून गेली, दगडांवरून गेली, पोटाला दगड घासला तर पत्र्यानं नुसता ठणकार दिला. सम्मेद खालून बघत होता, मुठी आवळून. मग शेवटचा चढ आला. जीप चढली, अर्ध्यावर गेली, पुढची चाकं हलकी झाली, मागची चिखलात रुतून फिरली, फिरत राहिली... आणि जीप हळूहळू, मोठ्या अदबीनं, मागं घसरत खाली आली.

नियमाप्रमाणे सगळ्या गाड्या झाल्यावर अजून एक संधी होती. एकच. हंबीररावांनी फोन काढून कुणाला तरी विटा उतरवून घ्यायला सांगितलं.

प्रियदर्शनी खाली उतरली. गालावर चिखल. डोळ्यांत पाणी यायच्या बेतात होतं, पण ती त्याला येऊ देत नव्हती.

"इंजिन तर खणखणीत हाय," ती म्हणाली. "मग का?"

सम्मेदनं जीपकडं पाहिलं. शिडीकडं, रॅककडं, कप्प्यांकडं, पायऱ्यांकडं. लोखंड कुठं किती लागलंय हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

"वजन," तो म्हणाला. "मागं आणि वर. मी घातलेलं."

सगळं नट-बोल्टांवर कसलेलं होतं. त्यानं पाना काढला, दुसरा तिच्या हातात दिला. आधी शिडी. दोघं दोन बाजूंनी बसली.

"शिडी तू मागितलीस," तो म्हणाला. अहो-जाहो केव्हा गळून पडलं, ते दोघांनाही कळलं नाही.

"मग?"

"तुला जीपवर चढताना कधी बघितलो न्हाय मी."

पाना थांबला. "मला कुठं चढायचं होतं," ती नटाकडं बघत म्हणाली. "मला... उद्यमनगरात यायचं होतं."

शिडी चिखलात पडली. मग कप्पे, मग पायऱ्या. रॅकसाठी दोघं टपावर चढली, शिडीशिवायच.

"आणि जाड पत्रा?" तिनं विचारलं. "कुणी सांगितलेलं जाड पत्रा घाल म्हणून?"

"पातळ असता तर..." सम्मेदनं बोल्ट फिरवला, तो आधीच सुटलेला होता. "पातळ पत्र्याचं काम जुलैतच संपलं असतं. मग तू कशाला आली असतीस?"

तिनं हातानं कपाळावरची बट मागं सारली आणि कपाळावर ग्रीसचा एक ठसठशीत पट्टा उमटला. तो तिला फार शोभून दिसत होता, असं सम्मेदचं प्रामाणिक मत होतं.

बंपरपाशी आल्यावर सम्मेदनं पाना उचलला, तर तिनं त्याचा हात धरला.

"त्यो ऱ्हाऊ दे. पुढचं वजन चढाला लागतंय." मग हळूच, "आणि त्यो पयला हाय."

माईकवाल्यानं नाव पुकारलं. ती सीटवर बसली, इंजिन सुरू केलं आणि शेजारच्या रिकाम्या सीटवर थाप मारली.

"बस."

"अगं, एवढं वजन काढलं, आता मी कशाला..."

"तेवढं चालंल मला," प्रियदर्शनी म्हणाली.

आणि जीप सुटली! ओढ्याचं पाणी दोन्ही बाजूंना पंखासारखं उडालं, दगड खालून गडगडले, सम्मेदचं डोकं टपाला आपटलं आणि त्याला त्याचं काहीच वाटलं नाही. चढ आला. चाकं फिरली... घसरली... ती ॲक्सिलरेटर सोडेना, स्टिअरिंग इकडं-तिकडं हलवत चिखलात पकड शोधत राहिली, ओठ दातांत धरून. मग खाली कुठंतरी रबराला खडक सापडला. जीपनं एक हिसका दिला, नाक वर उचललं, समोर सगळं आभाळच आभाळ झालं, आणि दुसऱ्या क्षणी ती माथ्यावर होती.

खालून आरोळ्या आल्या. टोप्या उडाल्या. वर मात्र एकदम शांत होतं, फक्त इंजिन निवतानाचा टिक-टिक आवाज आणि धुकं.

"झालं काम," प्रियदर्शनी म्हणाली. "आता यायला काय निमित्त काढायचं?"

सम्मेदनं बराच विचार केला. म्हणजे, तो गेला महिनाभर हाच विचार करत होता. "निमित्त नको काढूस," तो म्हणाला. "येतो म्हणू नकोस आणि जातो पण म्हणू नकोस. ऱ्हायलाच ये."

तिनं नुसता आपला ग्रीस लागलेला हात त्याच्या ग्रीस लागलेल्या हातावर ठेवला. दोन्ही इतके काळे होते, की कुणाचा कुठला ते ओळखू येत नव्हतं.

तेवढ्यात चिखल तुडवत, धापा टाकत बापूसो वर आले. मागून हंबीररावही येत होते. दोघांनी हात सोडले नाहीत. सोडायचं भान राहिलं नव्हतं. बापूसोंनी जीपकडं पाहिलं. हातांकडं पाहिलं. तिच्या कपाळावरच्या काळ्या पट्ट्याकडं पाहिलं.

बापूसो आधी मागं वळले. "पावणं," ते हंबीररावांना म्हणाले, "शेवंती कुंडीत लावा."

मग ते सम्मेदकडं वळले. टोपी काढून त्यांनी कपाळ पुसलं, टोपी परत घातली, घसा खाकरला.

"जावईबापू," ते म्हणाले, "जाताना खालची ती गव्हाण तेवढी आमच्या गोठ्यात टाका."